आधी देव, मग तट

रामटेकला कुणी ‘किल्ला पाहायला’ जात नाही. नागपूर-भंडाऱ्याकडचा असो की शिवनी-बालाघाटकडचा, माणूस ‘गडावर’ जातो, म्हणजे रामाच्या दर्शनाला. वाटेत दरवाजे लागतात, बुरूज लागतात, तटाची जाडी नजरेत भरते. पण येणाऱ्याच्या लेखी ते सगळं देवळाकडे जाताना लागणारं काहीतरी. ‘गडमंदिर’ हा इथला रोजचा शब्द. हा गड कोणाचा म्हणून विचारलं, तर तीन उत्तरं ठरलेली. भाविक सांगतो, रामाचा. नागपूरकर इतिहासप्रेमी सांगतो, भोसल्यांचा. संस्कृतचे प्राध्यापक सांगतात, कालिदासाचा. अलीकडे चौथं उत्तरही ऐकू येतं, वाकाटकांचं. चारही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. घोटाळा होतो तो एकाच उत्तरावर सगळा डोंगर टांगल्याने.

या सगळ्या उत्तरांचा आढावा घेतला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक गडांवर किल्ला आधी उभा राहतो आणि मग त्याच्या आश्रयाने देवी, मारुती, महादेव येतात. रामटेकला क्रम उलटा आहे. इथे देव पाचव्या शतकात होता आणि आज दिसणाऱ्या तटाचा मोठा भाग अठराव्या शतकातला. मधल्या तेराशे वर्षांत डोंगराची महत्ता लष्करी नव्हती, तीर्थाची होती. इथलं बांधकाम समजून घेताना ही एक गोष्ट विसरली की पुढचं सगळं गोंधळाचं होतं.

आधी जागा पाहू. रामटेक नागपूरच्या ईशान्येला, पन्नासेक किलोमीटरवर. अंबागडच्या डोंगररांगेचं पश्चिमेचं टोक रांगेपासून सुटून मैदानात एकटं उभं राहिलं आहे, तोच हा डोंगर. पायथ्यापासून उंची सुमारे ५०० फूट. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण भोवती सगळा सपाट मुलूख असल्याने गडाचं शिखर कितीतरी लांबून दिसतं, आणि गडावरूनही मनसर, नगरधन, खिंडसीचं पाणी असा चौफेर पसारा दिसतो. डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. त्याच्या काठी घाट आणि देवळांची दाटी. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग या पाण्याने बरा झाला अशी कथा सांगतात. आजही पिंडदानासाठी लोक इथे येतात. जुनी पायऱ्यांची वाट अंबाळ्याकडून वर चढते, दुसरी गावातून. गाडीरस्ता झाल्यापासून पायऱ्या बऱ्याच जणांच्या पायांना ठाऊकही नसतात. त्यामुळे डोंगराचा चढ आणि दरवाजांचा क्रम यांचं नातं मात्र कळायचं राहून जातं.

गडाची रचना तशी साधी. दक्षिण आणि पश्चिम या बाजूंना कडाच इतका तुटलेला आहे की तिथे तटाला फारसं काम नाही. उत्तरेची बाजू उतरती, म्हणून तिकडे दुहेरी तट. पूर्वेकडून डोंगराचा दांडा वर येतो आणि आत शिरायची वाटही तिकडूनच. आतला सगळा भाग एकामागून एक चौकांत विभागलेला आहे. पहिला वराह दरवाजा, मग सिंहपूर दरवाजा, मग भैरव दरवाजा आणि शेवटी गोकुळ दरवाजा. सिंहपूर दरवाजाच्या आतल्या चौकात मराठ्यांचं शस्त्रागार होतं. भैरव दरवाजापाशी तट आणि बुरूज सर्वांत चांगल्या अवस्थेत आहेत. किल्ला म्हणून काही पाहायचं असेल तर इथे थांबावं. गोकुळ दरवाजातून आत गेलं की मुख्य देवालयांचा चौक: आधी लक्ष्मणाचं मंदिर, त्यामागे रामाचं. त्यापलीकडे कडा.

किल्लेबांधणीच्या चष्म्यातून पाहिलं तर शेवटचा चौक हा बालेकिल्ला. शत्रूने तीन दरवाजे फोडले तरी चौथ्याआड शेवटची झुंज द्यायची जागा. पण बालेकिल्ल्यात जिथे राजवाडा, सदर, धान्यकोठार असायला हवं, तिथे इथे राम आणि लक्ष्मण आहेत. देऊळबांधणीच्या चष्म्यातून पाहिलं तर हीच रचना प्राकारांची होते: बाहेरच्या आवारातून आतल्या आवारात, दर दरवाजागणिक गाभाऱ्याच्या जवळ. दोन्ही वाचनं एकाच वेळी बसतात, हे रामटेकच्या स्थापत्याचं खरं वैशिष्ट्य. बांधणाऱ्याने देवळाच्या पूर्वापार वाटेवरच दरवाजे बसवले; वाट बदलली नाही. लष्करी सोय पाहणाऱ्याने कदाचित ती नागमोडी केली असती.

पाण्याचा हिशोबही तेच सांगतो. गडावर सिंदूर बावडीसारखी पायऱ्यांची विहीर आहे, पण डोंगराचं मोठं पाणी म्हणजे अंबाळा, आणि ते खाली पायथ्याशी. लांबलचक वेढा सोसण्यासाठी किल्ला रचायचा असता तर सगळी मदार खालच्या तलावावर ठेवणारी जागा कुणी निवडली नसती. गाविलगडावर वरच मोठमोठे तलाव आहेत. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीने तो गड घेतला तो तोफांनी तट फोडून, पाणी तोडून नव्हे. रामटेकच्या नावावर तशी गाजलेली लढाई नाही. म्हणून किल्ल्यांच्या पुस्तकांत रामटेकला पानभर जागा मिळाली तरी पुष्कळ.

तट कोणी बांधले? नागपूर जिल्ह्याच्या १९०८ च्या गॅझेटियरने, म्हणजे रसेलने, या प्रश्नाचं दुहेरी उत्तर नोंदवलं आहे. आतला तट पहिल्या रघूजी भोसल्यांचा आणि बाहेरचा, पडका, त्याहून खूप जुना, तो गवळ्यांचा. बाहेरच्या तटाने एक अरुंद दरी कवेत घेतली आहे आणि तिच्यात एका वस्तीच्या खुणा होत्या. त्याआधी १८७३-७४ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचा सहायक बेगलर या भागात फिरून गेला होता. रामटेकच्या तटाबद्दल आज जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं या दोन इंग्रजी वर्णनांचीच उजळणी असते.

‘गवळ्यांचा’ या उत्तराकडे मात्र नीट पाहायला हवं. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना जे जे जुनं आणि बेवारस, ते गवळी राजाचं. गाविलगड गवळ्यांचा, नरनाळा गवळ्यांचा, आणखी कितीतरी गढ्या गवळ्यांच्या. लोकस्मृतीने ज्या काळाचा हिशोब ठेवलेला नाही, त्या सगळ्या काळावर ती हा एकच शिक्का मारते. दगडी देवळांच्या बाबतीत तोच मान ‘हेमाडपंती’ला. काही अभ्यासक गवळी राजांच्या आठवणीत यादवांची छाया पाहतात. रामटेकपुरतं बोलायचं तर यादवांच्या काळात इथे राजसत्तेची माणसं होती, दानं देत होती, देवळं उभारत होती, हे शिलालेखातून पक्कं आहे. तेव्हा बाहेरच्या तटाची सुरुवात तेराव्या शतकात गेली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण हा अंदाज आहे, पुरावा नाही.

आतल्या तटाबद्दल मात्र भोसल्यांचं नाव शंकेविना घ्यावं. देवगडच्या गोंड घराण्यात चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा कलह पेटला, राणीने वऱ्हाडातून रघूजींना मदतीला बोलावलं, आणि मदतीला आलेले रघूजी १७४३ च्या सुमारास नागपूरचे धनी झाले. ही पद्धत अठराव्या शतकात सगळ्यांचीच होती, त्यात रघूजींना वेगळं दूषण द्यायचं कारण नाही. पण जिंकलेल्या मुलखावर हक्क सांगायचा तर नुसती तलवार पुरत नाही. नागपूर हे बख्त बुलंदाने वसवलेलं गोंडांचं शहर. त्या शहरापासून दिवसाच्या मजलेवर रामाचं जागतं तीर्थ होतं, आणि त्याच्या जीर्णोद्धाराने मराठा सत्तेला या भूमीत मूळ धरता येत होतं. रघूजींनी नवस बोलला, तो फळला आणि त्यांनी रामटेकचं देवस्थान पुन्हा उभं केलं, अशी परंपरा आहे. तटबंदी आणि शस्त्रागार त्याच कार्यक्रमाचा भाग. पायथ्यापासून सहा-सात किलोमीटरवर नगरधनचा भुईकोटही भोसल्यांच्याच नावावर सांगतात. खाली भुईकोट, वर तीर्थ आणि त्याला तटाचं कवच, अशी ही जोडी होती. रघूजींची फौज त्याच दशकात बंगाल-ओडिशापर्यंत धडका मारत होती. तो पैसा आणि तो आत्मविश्वास रामटेकच्या दगडात दिसतो.

आता या जोडीकडे जरा मागे सरून पाहा. खाली राजधानीचं ठाणं, वर देवाचा डोंगर. ही मांडणी भोसल्यांनी शोधलेली नव्हे. त्यांच्या तेराशे वर्षं आधी वाकाटकांनी हेच केलं होतं आणि याच दोन जागांवर. नगरधन म्हणजे त्यांचं नंदिवर्धन.

वाकाटकांची हकीगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण डोंगरावरची सर्वांत जुनी उभी देवळं त्यांची आहेत आणि त्यांच्यामागे एक बाई आहे. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी तिचं लग्न झालं. तो लवकर वारला, मुलं लहान होती, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला विदर्भाचा कारभार तिने स्वतःच्या हाती घेतला. तिचा पुण्यात सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे, थोरला मुलगा युवराज दिवाकरसेन याच्या तेराव्या वर्षी. गंमत अशी की त्यात वंशावळ सुरू होते ती नवऱ्याकडून नाही, माहेरकडून, गुप्तांकडून. पुढे धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन या नावाने राज्य करत असताना तिने आणखी एक ताम्रपट दिला, तो रिद्धपूरला मिळाला. तो मात्र ‘रामगिरिस्वामी’च्या पायांपासून दिलेला आहे. दोन्ही दानांची तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी. प्रबोधिनी एकादशीचा उपास सोडून केलेलं हे दान, असं ताम्रपटांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. आज रामटेकची मोठी यात्रा भरते ती याच पंधरवड्याच्या शेवटी, त्रिपुरी पौर्णिमेला. मधली दीड हजार वर्षं अखंड एकच परंपरा चालत आली असं म्हणण्याइतका पुरावा नाही, पण कार्तिकातलं हे साम्य बाजूला सारावंसंही वाटत नाही.

रामगिरिस्वामी म्हणजे कोण, यावर मात्र मतभेद आहेत. एक मत असं की हा दाशरथी रामच, आणि मग राम देवळात पुजला जाण्याचा हा भारतातला फार जुना पुरावा ठरतो. दुसरं मत असं की रामगिरी नावाच्या डोंगराचा स्वामी एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे विष्णू, त्याचं रूप कोणतंही असो. हान्स बाकर या डच अभ्यासकाने डोंगराचा सगळा पसारा एकत्र पाहून इथे विष्णूच्या अवतारांची एक योजनाच दाखवली. डोंगरावरच्या मूर्ती पाहिल्या तर तिला आधार मिळतो: दोन नरसिंह, एक वराह, एक त्रिविक्रम. मला स्वतःला दोन मतांत फार अंतर दिसत नाही. पाचव्या शतकातल्या भक्ताला राम हवा की विष्णू, असा पेच पडला असेल असं वाटत नाही.

ही देवळं पाहताना एक पूर्वग्रह सोडावा लागतो. वाकाटक म्हटलं की डोळ्यांपुढे अजिंठा येतो: रंग, अलंकार, गर्दी. पण अजिंठ्यातलं सोळा, सतरा नंबरचं वैभव वाकाटकांच्या दुसऱ्या, वत्सगुल्म शाखेच्या काळचं आहे. नंदिवर्धन शाखेची रामटेकची देवळं त्यांच्यासमोर अगदी कमी बोलणारी. केवल-नरसिंह मंदिर म्हणजे चौकोनी गाभारा, पुढे मंडप, सपाट छत आणि जवळजवळ कोऱ्या भिंती. शिखर नाही. कोरीव काम मोजकंच. सगळा भर आतल्या मूर्तीवर, आणि ती मूर्ती प्रचंड आहे: बसलेला, आडवातिडवा पसरलेला नरसिंह, हातात चक्र. हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा हा नरसिंह नव्हे. काम आटोपून निवांत बसलेला आहे. थोड्या अंतरावरच्या रुद्र-नरसिंह मंदिरात जवळपास अशीच दुसरी मूर्ती. दोन सारखे नरसिंह कशासाठी, या प्रश्नावर अभ्यासकांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. (१९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकच्या मतदारांनी तिसराही नरसिंह निवडून दिला, पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. संस्कृत जाणणाऱ्या त्या माणसाला या योगायोगाची मौज वाटली असणार.)

वराहाचं देऊळ याहून मोकळं, चारी बाजूंनी उघडा खांबांचा मंडप. त्यात माणसाच्या देहावर वराहाचं तोंड असलेली नेहमीची मूर्ती नाही. सबंध चतुष्पाद वराह आहे, अजस्र. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं, जो अडकला तो पापी, हा खेळ इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पोरं हसत जातात, प्रौढ माणसं आधी कमरेकडे बघतात. भोगराम हे जोडगाभाऱ्याचं देऊळ आहे, एका मंडपाला दोन गाभारे. त्रिविक्रमाची मूर्ती भंगलेली, तरी उचललेल्या पायाचा आवेश अजून कळतो.

केवल-नरसिंहाच्या देवळाने १९८० च्या दशकात अभ्यासकांची झोप उडवली. दुरुस्तीसाठी भिंतीवरचा चुना काढताना खाली शिलालेख निघाला. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक राहिलेले अरविंद जामखेडकर यांनी तो उजेडात आणला. पुढे १९९३ मध्ये बाकर आणि हारुनागा इसाकसन यांनी त्याचं सविस्तर वाचन प्रसिद्ध केलं. लेख तुटका आहे, ओळींची टोकं गेलेली आहेत. तरी एवढं कळतं की हे देऊळ प्रभावतीगुप्तेच्या स्मृतीसाठी उभारलेलं आहे, देवाचं नावही ‘प्रभावतीस्वामी’, आणि ते उभारणारी बहुधा तिची मुलगी. राजघराण्यातल्या एका बाईसाठी तिच्या मुलीने बांधलेलं दगडी देऊळ, पंधराशे वर्षं उभं, आणि त्यावर चुन्याचे थर. नागपूरहून सहलीला जाणाऱ्या शाळेच्या मुलींना ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी; सहसा त्यांना फक्त वराहाच्या पोटाखालून नेतात.

खाली नगरधनलाही कुदळ पडली. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी मिळून तिथे उत्खनन केलं, आणि मातीचा एक मुद्रांक हाती आला: ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंखाचं चिन्ह. नगरधन म्हणजे नंदिवर्धन हे आधी ताम्रपट आणि नावांच्या साम्यावरून मांडलेलं होतं. आता राणीची खूणच जमिनीतून वर आली. पलीकडे मनसरचा मामला मात्र अजून वादाचा आहे. मँगनीजच्या खाणींमुळे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथल्या टेकड्यांकडे लक्ष गेलं होतं. १९७२ मध्ये तिथली देखणी शिवमूर्ती मिळाली, ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९७-९८ पासून जगत्‌पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी मोठं उत्खनन केलं. हिडिंबा टेकडीवर विटांचं भलंमोठं देवस्थान निघालं. दुसऱ्या प्रवरसेनाने नंदिवर्धन सोडून वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं जामखेडकर, बाकर आदींचं मत. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं म्हटलं होतं, आणि कित्येक वर्षं तेच पुस्तकांत होतं. मनसरचा बौद्ध वारसा, नागार्जुनाचं नाव, हा आणखी एक पदर. इथे तो उलगडत बसत नाही. रामटेकच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की डोंगर मधोमध, आणि वाकाटकांच्या दोन राजधान्या दोन बाजूंना, दोन्ही तासा-दोन तासांच्या चालीवर.

वाकाटकांनंतरच्या शतकांत पान भराभर उलटतं. नल राजा भवदत्तवर्म्याने नंदिवर्धनहून ताम्रपट दिला. कलचुरी संवत ३२२ मध्ये, म्हणजे इ. स. ५७३ ला, स्वामिराजानेही. ९४० च्या देवळीच्या ताम्रपटात राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या राज्यात ‘नागपूर-नंदिवर्धन’ नावाचा विषय, म्हणजे जिल्हा, येतो. शहर नागपूर वसण्याच्या साडेसातशे वर्षं आधी नाव हजर. या काळात डोंगरावर काय चाललं होतं त्याची दगडात नोंद फारशी नाही.

नोंद पुन्हा सुरू होते ती रामचंद्र यादवाच्या काळात, तेराव्या शतकाच्या शेवटी. लक्ष्मण मंदिराच्या भिंतीत मोठा संस्कृत शिलालेख आहे, झिजलेला आणि फुटलेला. रायबहादूर हिरालालांनी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या लेखांची १९१६ ची जी सूची केली तीत तो आहे. मिराशींनी तो वाचून छापला, १९८९ मध्ये बाकरने पुन्हा. सिंघण आणि रामचंद्र या यादव राजांची नावं त्यात येतात, आणि मग लेख चक्क क्षेत्रमाहात्म्य सांगायला लागतो: डोंगरावर कोणते देव, पायथ्याशी कोणती तीर्थं, कुठल्या स्नानाचं काय फळ. म्हणजे तेराव्या शतकात इथे आलेल्या यात्रेकरूला आजच्यासारखंच मार्गदर्शन मिळत होतं, फक्त श्लोकांत. मुख्य देवळांचा आजचा सांगाडाही याच काळातला. वर भोसल्यांची आणि नंतरच्यांची डागडुजी, चुना आणि रंग.

या लेखात शंबूक आहे, हे मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. तप केलं म्हणून रामाने मारलेला शूद्र तपस्वी. उत्तरकांडात तो मरतो आणि विषय संपतो. रामटेकला तो संपत नाही. इथल्या परंपरेत तो रामाच्याच हातून मुक्त होऊन धूम्रेश्वर या शिवलिंगाच्या रूपाने डोंगरावर राहतो आणि पूजा घेतो. ही मारल्यावर दिलेली भरपाई म्हणायची, की स्थानिक जुन्या दैवताला कथेत बसवून घेण्याची युक्ती? दुसरी शक्यता मला जास्त पटते. पण पहिलीही विसरता येत नाही, विशेषतः दीक्षाभूमी ज्या जिल्ह्यात आहे तिथे. रामाचं राज्य सांगणाऱ्या गडाने शंबूकाचं नाव पुसलं नाही, दगडात कोरून ठेवलं, ही नोंद आहे तशी घ्यावी.

याच काळात आणखी एक माणूस रामटेकला निघाला होता. गुजरातच्या विशालदेव प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव ‘रामयात्रेला जातो’ असं सांगून घर सोडून निघाला आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटून चक्रधर झाला. महानुभावांच्या लीळाचरित्राने ही हकीगत सांगितली आहे. गुजरातेतल्या एका संपन्न घरात रामटेकची यात्रा हे बाहेर पडायला पटण्याजोगं निमित्त होतं, यावरून तीर्थाचा लौकिक किती दूर गेला होता ते कळतं. भोगराम आज महानुभावांचं पूजनीय स्थान आहे. वाकाटकांनी विष्णूसाठी बांधलेलं देऊळ, मूर्तिपूजेविषयी वेगळी भूमिका असलेल्या पंथाने जपलं. दगडाला पंथांची अडचण होत नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना होते.

कालिदासाचं उत्तर शेवटी घेतो, कारण ते सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कमी टणक. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो आणि तिथे रामाच्या पावलांच्या खुणा आहेत. हा रामगिरी रामटेकच, असं होरेस हेमन विल्सनने १८१३ मध्येच सुचवलं होतं. टीकाकार मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो. छत्तीसगडातल्या सरगुजा जिल्ह्यातला रामगडही दावेदार आहे. मिराशींनी ‘मेघदूतातील रामगिरि अर्थात् रामटेक’ हे पुस्तकच लिहून रामटेकची बाजू मांडली. त्यांचा युक्तिवाद भूगोलावर उभा आहे: इथून उत्तरेला निघालेला ढग आधी आम्रकूट, मग रेवा, मग विदिशा आणि उज्जयिनी या क्रमाने जातो, आणि तो क्रम बसतो. ताम्रपटातल्या रामगिरिस्वामीने त्याला बळ आलं. शिवाय दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं रामकथेचं काव्य आहे, बाणभट्टाने त्याची स्तुती केली आहे, आणि त्यात कालिदासाचा हात होता असं टीकाकारांची परंपरा सांगते. चंद्रगुप्ताच्या दरबारातला कवी त्याच्या मुलीच्या राज्यात आला असेल, हा तर्क मोहक आहे. मला रामटेकच्या बाजूनेच कौल द्यावासा वाटतो. पण कालिदास डोंगरावर प्रत्यक्ष बसला होता असं सिद्ध झाल्यासारखं बोलणाऱ्या फलकांनी बिचकायला होतं. डोंगरावर कालिदास स्मारक आहे, १९९७ पासून गावात कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. एका कवितेतल्या डोंगराच्या नावावर एवढं उभं राहणं ही रामटेकची मिळकत आहेच.

या सगळ्यात मागे पडतो तो गड. वाकाटकांची देवळं शिलालेखांनी उचलून धरली, यादवांची देवळं भक्तांनी, कालिदास संस्कृतवाल्यांनी. तटाला वाली नाही. भोसल्यांचं बांधकाम म्हणून नागपुरात त्याचं कौतुक होतं. पण गाविलगड, नरनाळ्याच्या शेजारी ठेवून त्याच्या दरवाजांची, बुरुजांची, चुन्याची तुलना करणारं लिखाण दुर्मीळच. बाहेरच्या तटात दगड कसे बसवले आहेत, सांध्यात चुना आहे की नुसती रचाई आहे, जुन्या देवळांचे दगड त्यात वापरले गेले का, दरीतल्या वस्तीच्या पायांखाली कोणत्या काळची खापरं आहेत, हे सगळं जागेवर जाऊन पाहण्याजोगं आहे. उत्तरेच्या उतारावर पावसाळ्यात रान माजतं आणि तट झाकला जातो. दिवाळीनंतर गवत वाळलं की त्याची रेघ मोकळी होते. आतल्या आणि बाहेरच्या तटाच्या चुन्याचे नुसते नमुने तपासले तरी रसेलच्या गवळ्यांचा निकाल लागेल. केवल-नरसिंहाच्या भिंतीवरून चुना निघाला तेव्हा शिलालेख सापडला. राम-लक्ष्मणाच्या देवळांवर आणि दरवाजांवर साठलेले रंगाचे थर अजून तसेच आहेत.